पदवी आणि उमेदवारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत आमच्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर बोलून आपले कान तृप्त केले आहेत. त्यानंतर 'अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची कारखान्यातील कामासाठी तयारी' असा रुक्ष विषय घेऊन उभे राहणे हे काही सुखाचे काम नव्हे. परंतु कार्यकारिणीने हा विषय आग्रहाने मागितला आणि त्या आग्रहामागील कारण आम्हांला पटले. भिलाईत मराठी माणूस आला तो गणपती बसविण्यासाठी किंवा नाटके करण्यासाठी नव्हे. तो झोतभट्टीवर, रोलिंग मिलमध्ये, आरेखन कक्षात काम करण्यासाठी आला. गणपती आणि नाटके त्याच्या मागोमाग आली. ज्या कामाने आपल्याला घरापासून इतके दूर आणले, त्या कामासाठी आपली पुढची पिढी तयार होत आहे काय, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी विचारला गेला नाही तर मग कधी विचारायचा?

हा प्रश्न केवळ वैचारिक नाही. आज आपल्यामध्ये अशी घरे आहेत, की जेथे वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून चार वर्षांचे शुल्क भरले, पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले, आणि पदवीधर मात्र त्याच भिंतीखाली बसून स्पर्धा परीक्षांची पुस्तके चाळतो आहे. त्याच वेळी कारखान्यांतील अधिकारी आम्हांला सांगतात की अर्जांचा ढीग पडतो, पण कामाला लावण्याजोगा मुलगा मिळत नाही. दोघेही खरे बोलतात. या दोन सत्यांच्या मध्ये जी दरी आहे तिच्याविषयीच आज आम्हांला बोलावयाचे आहे.

त्या दरीला मराठीत एक जुने आणि नेमके नाव आहे. ते म्हणजे उमेदवारी. आज 'उमेदवार' म्हटले की निवडणुकीला उभा राहिलेला किंवा नोकरीसाठी अर्ज केलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु पूर्वी कचेरीत, पेढीवर वा कारखान्यात बिनपगारी किंवा अल्प वेतनावर काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. शब्दाच्या मुळाशी फारसीतील 'उमेद' म्हणजे आशा आहे. शिकून झाले आहे, पण काम अजून येत नाही, अशा मधल्या काळात आशेने राबणारा तो उमेदवार. आमचे म्हणणे एवढेच आहे की, पदवी आणि पद यांच्यामध्ये ही उमेदवारी अटळ आहे. आज ती कोणी आपली मानीत नाही. आणि महाविद्यालय व कारखाना यांच्याइतकेच आपले घरही या हेळसांडीस जबाबदार आहे.

ही हेळसांड कशी झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या देशातील पहिली अभियांत्रिकी विद्यालये कारखान्यांसाठी निघालीच नव्हती. चेन्नईजवळच्या गिंडी येथील महाविद्यालयाचे मूळ १७९४ च्या भूमापन शाळेत आहे. रूरकीचे महाविद्यालय १८४७ चे. पुण्याचे १८५४ चे. सरकारला रस्ते, कालवे, पूल आणि इमारती बांधावयाच्या होत्या आणि त्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे हवी होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या महाविद्यालयातून परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. म्हणजे महाविद्यालयाने गणित व शास्त्र शिकवायचे आणि खात्याने नदीच्या पात्रात उभे करून काम शिकवायचे, अशी वाटणी आपोआपच झाली होती. उमेदवारी खात्याच्या पोटात होती. म्हणून महाविद्यालयांना तिची चिंता करावी लागली नाही.

उद्योग आले तेव्हा ही चिंता उद्योजकांनी स्वतःच्या शिरावर घेतली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत होते. तेथून बाहेर पडून त्यांनी पुढे बेळगावात काम मांडले आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतील माणसांनाच त्यांना कारागीर बनवावे लागले. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने परदेशी तज्ज्ञांच्या जागी भारतीय माणसे तयार करण्यासाठी १९२१ साली आपली तांत्रिक संस्था काढली. पुढे सुमंत मूळगावकर यांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारताना हत्यारे बनविणारा विभाग आणि प्रशिक्षण विभाग यांना अग्रक्रम दिला, ही गोष्ट उद्योगक्षेत्रातील जुनी मंडळी आजही आदराने सांगतात.

आणि आपली भिलाई? २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या चार वर्षांत येथे केवळ विटा आणि लोखंड रचले गेले नाही. माणसेही घडविली गेली. भारतीय अभियंत्यांना सोव्हिएत कारखान्यांत पाठविण्यात आले; परत आल्यावर त्यांनी रशियन तज्ज्ञांच्या जोडीने, दुभाष्यांच्या मदतीने आणि पुष्कळदा हातवाऱ्यांनी काम शिकून घेतले. त्या पिढीतील कोणीही 'मी पदवीधर आहे, मला पाना कशाला देता?' असे विचारले नाही. विचारण्याची सोयच नव्हती, कारण रशियन तज्ज्ञ स्वतः पाना हातात घेऊन उभा असे.

मग हे सूत्र तुटले कोठे? महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. महाराष्ट्राने १९८३ साली विनाअनुदान खाजगी महाविद्यालयांना परवानगी दिली; दक्षिणेतही तेच घडले; पुढे आपल्या भागातही अशी महाविद्यालये निघाली. यामुळे सामान्य घरांतील सहस्रावधी मुलांना शिक्षणाचे दार उघडले, हे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु वर्ग जितक्या वेगाने वाढले तितक्या वेगाने कारखान्यांचे दरवाजे रुंदावले नाहीत. सुट्टीतील चार आठवड्यांचे कारखान्यातील प्रशिक्षण ही हळूहळू एक शिक्का मारलेली चिठ्ठी झाली. मुलांनी पहिल्या दिवशी हजेरी लावावी, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घ्यावे आणि अहवाल गेल्या वर्षीच्या मुलाकडून उतरवून घ्यावा, असा प्रघात पडला. महाविद्यालयाला कागद मिळाला, कारखान्याला कटकट वाचली, मुलाला सुट्टी मिळाली. सर्वच संतुष्ट झाले. उमेदवारी तेवढी मधल्यामध्ये नाहीशी झाली.

आता कोणी म्हणेल की, शास्त्र नीट शिकले म्हणजे काम आपोआप येते. हमालीची काय आवश्यकता? याचे उत्तर आम्ही आपल्याच गावच्या मालाच्या उदाहरणाने देतो. भिलाई म्हणजे रेल्वेचे रूळ. रूळाच्या पोलादाचा एक छुपा शत्रू आहे, तो म्हणजे हायड्रोजन. वितळलेल्या पोलादात हा वायू सहज विरघळतो. पोलाद थिजले की त्याला तेवढी जागा उरत नाही. अडकलेला वायू आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत साठतो, दाब निर्माण करतो आणि पोलादाच्या पोटात केसासारखे तडे पाडतो. हे तडे रूळ तयार झाल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी पडतात आणि वरून दिसत नाहीत. पुढे वर्षानुवर्षे चाकांचा भार सोसताना असा तडा वाढत जातो. हिवाळ्यात सांधलेला लांब रूळ आकुंचन पावू पाहतो, ताणला जातो, आणि एखाद्या पहाटे दुभंगतो. रूळ तुटणे म्हणजे काय, हे देशाने २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्ना येथे पाहिले. तुटलेल्या रूळावरून फ्रंटियर मेलचे डबे घसरले, शेजारच्या मार्गावरून येणारी सियालदह एक्सप्रेस त्यांवर आदळली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तो रूळ का तुटला याची चर्चा येथे करावयाची नाही. रूळ बनविणाऱ्याच्या हातात काय असते एवढेच ध्यानात आणून द्यावयाचे आहे. म्हणूनच रेल्वेच्या विनिर्देशात रूळाच्या द्रवरूप पोलादातील हायड्रोजनला दहा लाख भागांत १.६ भाग अशी कडक मर्यादा घातलेली आहे.

धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याला सीव्हर्ट्सचा नियम पाठ असतो: धातूत विरघळणाऱ्या अशा वायूचे प्रमाण त्याच्या दाबाच्या वर्गमुळानुसार बदलते. दाब शंभराव्या हिश्शावर आणला, तर समतोल साधल्यावर विरघळलेला वायू दहाव्या हिश्शावर येईल. निर्वात प्रक्रियेने पोलादातील वायू काढून घेण्याची सारी यंत्रणा या एका नियमावर उभी आहे. तेव्हा पुस्तक निरुपयोगी आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण समजा, एके दिवशी हायड्रोजनचा आकडा वाढला. परीक्षेत प्रश्न असतो, 'नियम सांगून उदाहरण सोडवा.' कारखान्यात प्रश्न छापून मिळत नाही. तो शोधावा लागतो. कळीच्या चुन्याची पोती रात्रीच्या पावसात उघडी राहिली होती काय? नव्याने अस्तर लावलेली बादली पुरती सुकली होती काय? मिश्रधातूंचा साठा दमट होता काय? भंगारात ओल होती काय? निर्वात यंत्राच्या एखाद्या सांध्यातून हवा आत येत होती काय? ही उत्तरे ज्याला ठाऊक असतात तो मनुष्य पुष्कळदा दहावी शिकलेला मुकादम असतो, आणि त्याच्याशी नीट बोलता आले तरच तो ती सांगतो. नियम सांगतो की कोठे पाहावे; पाहिलेले ओळखणे मात्र उमेदवारीतच येते.

विद्यार्थिमित्रांनो, नव्या पदवीधरांना कामाला लावण्याचे काम आम्ही अनेक वर्षे केले. त्या अनुभवावरून सांगतो की, कारखाना तुमच्याकडून प्रारंभी फार ज्ञानाची अपेक्षा करीत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात.

पहिली गोष्ट, हात. पंप उघडून पुन्हा जोडलेला, बेअरिंग काढून त्याच्या झिजेचा माग काढलेला, मायक्रोमीटरने एकच माप दहा वेळा घेऊन दहा वेळा थोडे वेगळे का येते याचा विचार केलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात ओळखू येतो. आजचा कारखाना संगणकांनी आणि संवेदकांनी भरलेला आहे, हे खरे. परंतु पडद्यावरचा आकडा खरा की संवेदकच बिघडला आहे, हे ठरविण्यासाठी शेवटी यंत्राजवळ जावेच लागते.

दुसरी गोष्ट, लेखणी. पाळी संपताना नोंदवहीत चार ओळी अशा लिहाव्यात की पुढच्या पाळीच्या माणसाला त्या वाचून काय झाले, काय केले आणि काय राहिले हे कळावे. 'सर्व ठीक' ही नोंद नव्हे. जेथे वितळलेले लोखंड वाहते, तेथे अर्धवट लिहिलेले वाक्य माणसाच्या जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट, भाषा. आणि येथे मराठी मुलांना एक लाभ आहे, जो त्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही घरी मराठी बोलता, शाळेत हिंदी व इंग्रजी शिकलात, गल्लीत छत्तीसगढी ऐकत वाढलात. परक्या मुलखात दुसऱ्याच्या बोलण्याचा अदमास घेऊन वागणे तुम्हांला बाळपणापासून अंगवळणी पडलेले आहे. कारखान्यात कारागीर, ठेकेदार, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक या चौघांच्या चार भाषा असतात, आणि चांगला अभियंता म्हणजे त्यांच्यामधला विश्वासू दुभाषा. हे भांडवल फुकट घालवू नका.

आता पालकांशी दोन शब्द. देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. मुळात तो कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. तीस किंवा अधिक माणसे असणाऱ्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे आजचे नियम आहेत. पदवीधराची उमेदवारी साधारणतः एक वर्षाची असते आणि त्याला विद्यावेतन मिळते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनेही २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक दिले आहेत. म्हणजे रस्ता आहे. पण त्यावरून आपली मुले चालत नाहीत. का चालत नाहीत? कारण घरात आपण त्या वर्षाला कमीपणा मानतो. 'इंजिनियर होऊन शिकाऊ म्हणून जाणार?' असे आपणच विचारतो. हळदीकुंकवाला भेटलेल्या शेजारणीने तिच्या मुलाचे पॅकेज सांगितले की आपली मान खाली जाते. मुलगा पहिल्या रात्रपाळीनंतर थकून आला की, 'सोडून दे, बाबा, ते काम' असे म्हणणारेही आपणच असतो.

मुलींच्या बाबतीत तर आपण त्याहून मागे आहोत. 'यंत्र शाखा नको, पाळ्या असतात', असे सांगून चांगल्या चांगल्या मुलींना आपण नको त्या शाखांत ढकलले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीवर निर्बंध घातला होता. २०२० च्या नव्या संहितेने त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर ती मुभा दिली आहे. कायद्याने अडसर काढला, तो आता आपल्या उंबरठ्यावर उरू नये.

आम्ही कोणत्याही मुलाला संगणकाच्या नोकरीपासून परावृत्त करू इच्छीत नाही. ज्याचा कल तिकडे आहे त्याने बंगळूर-पुण्यास अवश्य जावे. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक कंपन्या 'गेट' परीक्षेच्या गुणांवर अभियंते निवडतात, तेव्हा त्या परीक्षेचा अभ्यासही करावा. आमचा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: पदवीनंतरची दोन-तीन वर्षे बंद खोलीत, केवळ पुढच्या परीक्षेची वाट पाहत घालविणे. या काळात शिकलेले विसरते आणि हात थिजतात. मुख्य म्हणजे 'उमेद' हा जो त्या शब्दाचा प्राण, तो निघून जातो. त्याऐवजी एक वर्षाची उमेदवारी करीत करीतही परीक्षा देता येते. मग परीक्षेत यश येवो वा न येवो, वर्ष वाया जात नाही.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आपल्या सदस्यांत भट्टीवर, मिलमध्ये, वीजगृहात आणि दुरुस्ती विभागात तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षे काढलेली निवृत्त मंडळी आहेत. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे कान या सभागृहात आज बसलेले आहेत. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही आणि ती माणसे कायमची आपल्यात राहणार नाहीत. काही पुण्या-नागपूरला मुलांकडे निघून गेली, काही काळाच्या पडद्याआड गेली. मंडळाने वाचनालय चालविले, बालवर्ग चालविला, नाट्यस्पर्धा घेतल्या. आता महिन्यातील दोन रविवार सकाळी हे सभागृह उघडे ठेवावे. एक जुना पंप, एक जुनी मोटार, काही बेअरिंगे, मापनाची दोन-चार साधने आणि खऱ्या यंत्रांची जुनी आरेखने एवढे साहित्य पुरे. शिकविणारे बिनवेतन येतील, याची हमी आम्ही स्वतःपुरती देतो. पंप उघडावा, जोडावा, आणि मुलांनी त्याची नोंद मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, पण स्वतःच्या वाक्यांत लिहावी. हे काम मराठी मुलांपुरतेच ठेवू नये; ज्या गावाने आपल्याला पोसले त्या गावची, शेजारच्या क्वार्टरमधली मुलेही त्यात असावीत.

कार्यवाहांनी आत्ताच आम्हांला सांगितले की, सभागृहाच्या मागची खोली रंगमंचाच्या जुन्या पडद्यांनी भरलेली आहे. पडदे ठेवण्यास दुसरी जागा सापडेल, अशी आम्हांला आशा आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही ती खोली रिकामी करण्यास येऊ. ज्या विद्यार्थ्यांना आमच्याबरोबर हात लावावयाचा असेल त्यांनी यावे. तीच त्यांची पहिली उमेदवारी समजावी.